पाचवा महिना, घाटकोपरची धूळ आणि माहेरची चूल

शेजारी टॉवरचं काम चालू आहे, तर प्युरिफायर घ्यावा की आताच माहेरी निघावं, असं विचारलंय तुम्ही. निघण्याआधी माहेरी आंघोळीचं पाणी कशावर तापतं ते विचारा. गॅस आला तरी बंब आणि भाकरीची चूल बऱ्याच घरांत सुटलेली नसते. ती घरात किंवा पडवीत पेटत असेल तर मुंबईतच बऱ्या.

लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात सूक्ष्म कणांबरोबर कार्बन मोनॉक्साइड असतो. तो ऑक्सिजनची जागा घेऊन हिमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि बाळाच्या रक्तातून आईच्या रक्तापेक्षा उशिरा निघतो. त्यामुळे हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या चुकवू नका. काजळीचे कणही बेल्जियममधल्या संशोधकांना 2019 साली वारेच्या (प्लासेंटाच्या) बाळाकडच्या बाजूला सापडलेत. बाळाचं वजन अडीच किलोच्या आत भरणं, 37 आठवड्यांआधी प्रसूती होणं, हे धोके वाढतात. एकेका बाळापुरती ही वाढ थोडी असते, तेव्हा झोप उडवून घेऊ नका. वाढीची सोनोग्राफी मात्र वेळेवर करा.

हवेच्या प्रदूषणाचा आकडा सरकारी 'समीर' अ‍ॅपवर बघा. पीएम 2.5 ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, पातळी घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम असेल तर आपला एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) 100 दाखवतो, अमेरिकी मोजपट्टीची अ‍ॅप्स 150 च्या आसपास. निम्मी घाबरगुंडी इथूनच येते. हिवाळ्यात पहाटे हवा खाली दबलेली असते, म्हणून खिडक्या दुपारी उघडा आणि फिरायलाही उन्हं कलताना जा.

प्युरिफायर खोलीच्या मापाने घ्या. 10 बाय 12 ची, 10 फूट उंच खोली म्हणजे 34 घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर सीएडीआर, म्हणजे मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा, 170 लागतो. घ्या 250 चा, कारण रात्री आवाज नको म्हणून सगळेच तो हळू चालवतात. फिल्टर हेपा (सूक्ष्म कण अडवणारा) हवा, ओझोन सोडणारं मशीन नको. कार्बन मोनॉक्साइड यातला कुठलाच अडवत नाही. बांधकामाची धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा.

बाळंतपणानंतरच्या धुरीचं मात्र आजच आईशी बोलून घ्या. दारं लावून निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग टाकतात, आणि मिनिटाला 40 ते 60 श्वास घेणारं बाळ त्याच खोलीत असतं. धूर विरला तरी निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडतच राहतात. शेक हवाच तर तुमच्यापुरती गरम पाण्याची पिशवी घ्या, बाळाला टोपडं आणि तुमच्या अंगाची ऊब पुरते. ऐन वेळी बाळंतिणीचं कुणी ऐकत नाही.