ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर होबार्टहून लॉन्सेस्टनला जाताना वाटेत रॉसला थांबावं का?

नक्की थांबा, आणि नुसतं चहापुरतं नाही. दोन-तीन तास हाताशी ठेवा. तुमच्यासोबत वयस्कर आईवडील आहेत आणि पोर्ट आर्थरच्या जुन्या तुरुंगानंतर पुन्हा ब्रिटनहून पाठवलेल्या कैद्यांचाच इतिहास बघायला ते कंटाळतील, अशी शंका तुम्ही लिहिली आहे. मला तसं वाटत नाही. रॉस हे आजही नांदतं गाव आहे. दोन्ही बाजूंनी मोठाली झाडं असलेला एक मुख्य रस्ता, दगडी घरं, आणि चालायला सगळं जवळ. मिडलंड हायवे गावाबाहेरून जातो, तेवढा फाटा चुकवू नका.

मॅक्वारी नदीवरचा तीन कमानींचा पूल १८३६ सालचा आहे आणि अजून वापरात आहे. बरेच जण गाडीतूनच फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही काठावर उतरा. कमानींवर १८६ दगड कोरलेले दिसतील : माणसांचे चेहरे, प्राणी, पानंफुलं. डॅनियल हर्बर्ट आणि जेम्स कोलबेक या दोन कैदी पाथरवटांच्या देखरेखीखाली हे काम झालं. हर्बर्ट वाटमारीच्या गुन्ह्यात जन्मठेप होऊन इंग्लंडहून इथे आला होता. रखडलेला पूल या दोघांनी पुरा केला आणि त्याबद्दल त्यांना माफी मिळाली. वालुकाश्म मऊ, त्यामुळे काही चेहऱ्यांची नाकं-डोळे झिजलेत. ऊन तिरपं असताना गेलात तर कोरीवकाम उठून दिसतं. हर्बर्टची कबर गावातल्याच जुन्या दफनभूमीत आहे.

जेवण बेकरीत उरकता येईल. स्कॅलॉप पाय, म्हणजे शिंपल्यातल्या माशाचा, तिथे प्रसिद्ध आहे.

पण माझा खरा आग्रह फीमेल फॅक्टरी या जुन्या तुरुंगासाठी आहे. १८४८ ते १८५४ या काळात स्त्री कैद्यांना इथे ठेवत. त्यांना आसपासच्या घरांत मोलकरीण म्हणून पाठवायचे. नोकरीत असताना एखादी गरोदर राहिली तर तिची रवानगी परत इथेच, वर शिक्षा. बाळं जरा मोठी झाली की आईपासून तोडून होबार्टच्या अनाथाश्रमात धाडत. ब्रिटनमधून टास्मानियात अशा १२,००० हून अधिक बायका आणल्या गेल्या, बऱ्याचशा किरकोळ चोऱ्यांसाठी. पोर्ट आर्थर पुरुषांचं होतं, त्यामुळे ही बाजू तिथे बघायला मिळत नाही, आणि तिच्याशिवाय या बेटाचा इतिहास अर्धाच राहतो असं मला मनापासून वाटतं.

मात्र फॅक्टरीच्या जागी आज उंचसखल कुरण आहे आणि एक छोटी कॉटेज, एवढंच. थेट कुरणात गेलात तर आईवडील विचारतील, इथे बघायचं काय? म्हणून आधी कॉटेजमध्ये जा. आत पूर्ण वास्तूची प्रतिकृती ठेवलेली आहे. कोठड्या कुठे होत्या, बाळांची खोली कुठे होती, हे त्यांना तिथे दाखवा आणि मग बाहेर पडा. गवताखालच्या उंचवट्यांत भिंतींच्या रेषा ओळखू येऊ लागतात.