खानापुरातल्या आमच्या सोसायटीचा १९९० च्या दशकातला, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम फ्लॉप्यांवर पडून आहे. पुढच्यांसाठी तो कसा जपावा?

आधी प्रत्येक फ्लॉपीची पूर्ण इमेज (हुबेहूब डिजिटल प्रत) काढा आणि तिच्यात पीआरजी एक्स्टेन्शनच्या फाइल्स शोधा, कारण खरा सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मूळ ओळी) तिथेच असतो. एफएक्सपी फाइल्स कंपाइल केलेल्या असतात. त्या चालतील, पण सरळ वाचता येणार नाहीत. डेटा असतो डीबीएफमध्ये.

बेळगाव-निपाणीकडच्या अशा बऱ्याच फ्लॉप्या मी उतरवल्या आहेत. खानापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. पत्र्याची झडप सरकवून तबकडी बघा. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, हेड खराब होतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. बाकीच्यांना यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह आणि डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरूनही प्रत काढणारं सॉफ्टवेअर) पुरेसं आहे. प्रोग्रॅम डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्रॅम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवून बघा. सभासदांची नावं चित्रविचित्र चिन्हांत दिसली तर घाबरू नका, डेटा बहुधा शाबूत असतो. तेव्हा मराठीसाठी कॉम्प्युटरमध्ये सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड लावत आणि मजकूर इस्की या भारतीय लिपींच्या जुन्या संकेतप्रणालीत साठवत. तो आजच्या युनिकोडमध्ये बदलता येतो. मूळ इमेजला मात्र हात लावू नका, सगळे प्रयोग कॉपीवर.

कोड सार्वजनिक गिट रिपॉझिटरीत (कोड ठेवायच्या ऑनलाइन जागेत) टाकलात तर २०१६ साली फ्रान्सच्या इन्रिया या संगणक संशोधन संस्थेने सुरू केलेल्या सॉफ्टवेअर हेरिटेज या कोडच्या संग्रहात तो कायमचा जतन करायला देता येतो. पण त्याआधी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची लेखी परवानगी घ्या (पैसे सोसायटीने दिले म्हणून हक्क आपोआप सोसायटीचा होतोच असं नाही), आणि सभासदांच्या डीबीएफ फाइल्स त्यात चुकूनही जाऊ देऊ नका.