पहिल्याच दिवशी फावडं मागू नका

आवडत्या डोंगरवाटेसाठी काहीतरी करावंसं वाटतंय, हे उत्तमच. पण एकट्याने सुरुवात नको. जागा ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांची परवानगी असलेल्या गटाबरोबर जा. हातमोजे, बंद बूट, भरपूर पाणी, एवढं पुरे.

कचरा उचलणं सगळ्यांनाच सुचतं. बाटल्या लगेच दिसतात, सिगारेटची थोटकं मात्र राहून जातात. त्यांचा फिल्टर कापसासारखा वाटला तरी तो सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकच. (वाकून वाकून कंबर धरते, ते वेगळं.)

माझ्या मते खरं काम पाण्याचं आहे. पावलांनी वाट दबून खोलगट होते आणि पावसाचं पाणी तिचाच ओहोळ करतं. म्हणून वाटेवर दगडांची ओळ बसवतात. ती तिरकी हवी, म्हणजे पाणी उताराच्या बाजूला निघून जातं. अगदी आडवी बसवली, तर मागे गाळ साचतो आणि पाणी वरून उडी मारून पुढची माती नेतं. वळणं तोडून पाडलेल्या शॉर्टकटवर फांद्या टाकून ते बंद करा. उतारावर सरळ उतरणारी वाट लवकर धुपते.

झाडं लावायची घाई तर मुळीच नको. गवताळ माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे. तिथे रोपं लावली, तर जमिनीवर घरटी करणारे पक्षी हुसकले जातात. घाणेरीसारखी उपरी झुडपं काढायचं काम मात्र मागून घ्या, जाणकार सोबत असेल तरच. वरवर छाटली की ती पुन्हा फुटतात.

आणि महिन्यातली एकच सकाळ जमणार असेल, तर तेवढीच कबूल करा.