कोल्हापुरात राहून, क्लास न लावता सर्व्हर ॲडमिनचं काम शिकता येतं का?

येतं की, घरातल्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन किंवा उबुंटू सर्व्हर (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) टाका, ग्राफिकल डेस्कटॉप न घेता, आणि त्यावर एखादी खरी सर्व्हिस चालवायला घ्या. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचे सर्व्हर मी सांभाळतो आणि नवीन पोरं घेताना कमांड किती पाठ आहेत ते बघतच नाही, सर्व्हिस पडली की पोरगं आधी लॉग (सर्व्हिसनं लिहून ठेवलेल्या नोंदी) उघडतं का थेट रीस्टार्ट मारतं एवढंच बघतो. म्हणून एनजिनएक्स (nginx, वेबसाइट चालवणारी सर्व्हिस) चालू करा, मग तिच्या कॉन्फिगमधला (सेटिंगच्या फाइलमधला) एक सेमीकोलन मुद्दाम काढून रीस्टार्ट करा, ती उठणार नाही, आता सिस्टमसीटीएल स्टेटस (systemctl status, सर्व्हिसची स्थिती) आणि जर्नलसीटीएल (journalctl, तिचा लॉग) वाचून कारण शोधा, हे व्हिडिओ बघून अंगात मुरत नाही. मग याच क्रमानं:

- युजर, परमिशन
- एसएसएचची (दुसऱ्या मशीनवरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) की, म्हणजे किल्लीची फाइल, लावून पासवर्ड लॉगिन बंद (चालू सेशन सोडायच्या आधी दुसऱ्या टर्मिनलमधून लॉगिन होतंय का बघा, नाहीतर बाहेरच अडकाल)
- फायरवॉल
- क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारं) आणि आरसिंकनं (फाइल कॉपी करणारं) बॅकअप, आणि तो परत रिस्टोअर करून बघायचा, बघितलाच नाही तर त्याला बॅकअप म्हणायचं नाही

फक्त एक, नोकरी इथंच गोकुळ शिरगाव, शिरोलीकडं बघणार असाल तर निव्वळ लिनक्सवर भागत नाही, बऱ्याच कारखान्यांत विंडोज सर्व्हर आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्या युजर, कॉम्प्युटरचं लॉगिन एका जागेवरून सांभाळणारी) असते, विंडोज सर्व्हरची 180 दिवसांची इव्हॅल्युएशन कॉपी मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळते, ती व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं चालणारा दुसरा कॉम्प्युटर) टाकून हात बसवा.