कालपर्यंत चालणारा मायएसक्यूएलचा व्ह्यू आज एकाएकी १३५६ एरर का देतोय?

व्ह्यू म्हणजे मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये नाव देऊन साठवलेला सिलेक्ट, म्हणजे माहिती वाचायची क्वेरी. तुम्ही लिहिलंय की टेबलं जागच्या जागी आहेत, कॉलमची नावं कोणी बदललेली नाहीत आणि व्ह्यूच्या आतला सिलेक्ट रूटने (सगळे अधिकार असलेल्या खात्याने) वेगळा चालवला तर बिनतक्रार चालतो. खरी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. सिलेक्ट तुम्ही स्वतः चालवता तेव्हा तुमचे अधिकार बघितले जातात. तोच व्ह्यूमधून चालतो तेव्हा, मुद्दाम वेगळं सांगितलेलं नसेल तर, डिफायनरचे, म्हणजे व्ह्यू ज्याच्या नावावर आहे त्या खात्याचे, बघितले जातात. मग रूटने व्ह्यू उघडला तरी उपयोग नाही.

१३५६चा मेसेज म्हणजे डॉक्टरने 'व्हायरल दिसतंय' म्हणावं तसला. टेबल, कॉलम, फंक्शन, अधिकार, यांतलं काहीही बिघडलं तरी तोच. पहिली दोन तुम्ही तपासलीत. आता 'शो क्रिएट व्ह्यू' चालवून डिफायनर कोण आहे ते बघा आणि त्या खात्यावर 'शो ग्रँट्स', म्हणजे त्याला कोणते अधिकार आहेत ते. होस्टसकट, म्हणजे खातं कुठल्या मशीनवरून जोडू शकतं त्या भागासकट, बघा हं. एकाच नावाची, पण लोकलहोस्टवरची आणि टक्क्याच्या खुणेची (कुठूनही जोडणारी), ही दोन वेगळी खाती असतात. खातंच उडवलेलं असतं तर रूटला बहुधा १४४९, म्हणजे 'डिफायनरच अस्तित्वात नाही' हा एरर, दिसला असता. म्हणून माझा अंदाज: खातं आहे, अधिकार काढलेत.

आमच्याकडे हेच झालं होतं. एक सहकारी नोकरी सोडून गेला, कोणीतरी साफसफाई म्हणून त्याच्या खात्याचे अधिकार काढले आणि बिलिंगचा रिपोर्ट बंद पडला. मी अर्धा दिवस कॉलम तपासत बसलो. व्ह्यू त्याच्या नावावर होता, हे डोक्यातच आलं नाही.

दुरुस्ती करताना घाईत रूटने 'क्रिएट ऑर रिप्लेस' मारू नका. चालेल, पण डिफायनर रूट होईल आणि व्ह्यू वाचायची परवानगी असलेला प्रत्येकजण त्या व्ह्यूपुरता रूटच्या अधिकाराने वाचेल. त्यापेक्षा व्ह्यूंसाठी एक वेगळं खातं काढा, त्याला लागतील तेवढ्याच टेबलांवर सिलेक्ट द्या आणि 'अकाउंट लॉक' करून टाका. लॉक केलेल्या खात्याने लॉगिन होत नाही, डिफायनर म्हणून मात्र ते चालतं. मग 'ऑल्टर व्ह्यू'ने डिफायनर बदला. त्यात आतला सिलेक्ट पुन्हा पूर्ण लिहावा लागतो, तो 'शो क्रिएट व्ह्यू'मधून उचला. 'एसक्यूएल सिक्युरिटी इन्व्होकर' (डिफायनरऐवजी वाचणाऱ्याचे अधिकार बघणं) हाही मार्ग आहे, पण मग वाचणाऱ्या प्रत्येकाला मूळ टेबलांवर अधिकार द्यावे लागतात. रिपोर्टसाठी मला तो पटत नाही.

त्याच डिफायनरचे आणखी व्ह्यू असतील तर तेही बंद पडले असणार. इन्फर्मेशन स्कीमा, म्हणजे मायएसक्यूएलच्या स्वतःच्या नोंदी, यातल्या व्ह्यूज टेबलात डिफायनरचा कॉलम आहे, त्यावर शोधा.

आणि हे सगळं करायच्या आधी कालचा बॅकअप उघडा. मायएसक्यूएलडम्पला, म्हणजे बॅकअप काढणाऱ्या प्रोग्रामला, असा मोडका व्ह्यू भेटला की, 'फोर्स' दिलेलं नसेल तर, तो तिथेच थांबतो. आमच्या चार रात्रींच्या फाइली अर्धवट निघाल्या होत्या आणि कोणाला पत्ता नव्हता. नेहमीच्या सेटिंगमध्ये फाइल पूर्ण झाली असेल तर शेवटच्या ओळीत 'डम्प कम्प्लीटेड' असं लिहिलेलं असतं.