प्लॉट विकून लेकीला निसर्गोपचार शिकवावा का?

बुटीबोरीच्या कंपनीत नोकरी, वय 53, हातात पगार 62 हजार, घराचं कर्ज फिटलेलं. पीएफमध्ये 16 लाख, एफडी 3 लाख. नागपूरच्या बेसा भागात 2009 साली 4 लाखांना घेतलेला प्लॉट, त्याचे दलाल आज 32 लाख सांगतो, पण आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, अजून व्हायचं आहे. मुलगी बारावी सायन्स झाली आणि तिला कर्नाटकात बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार आणि योगाची पदवी, करायची आहे. फी, होस्टेल, मेस धरून खर्च 14 लाख. मुलगा नववीत. तुम्ही विचारलंय, प्लॉट विकून शिक्षण करावं आणि उरलेल्या पैशात तिला नागपुरात सेंटर टाकून द्यावं का? मेहुणे म्हणतात, एवढं कशाला, पत्राद्वारे डिप्लोमा साठ हजारात होतो.

भाऊ, मुलीला डिग्रीलाच पाठवा. प्लॉट विकू नका. सेंटरचा विषय आज काढूच नका.

आधी मेहुण्यांचं बोलणं. बीएनवायएस साडेपाच वर्षांचं आहे: साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. शरीररचना आणि रोगनिदानापासून उपास, मृदा आणि जलोपचारापर्यंत सगळं त्यात येतं. तिच्याकडे मधुमेहाचे, बीपीचे, कंबरदुखीचे पेशंट येणार. कोणाची गोळी किंवा इन्सुलिन बंद करायचं नाही आणि कोणाला तातडीने मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, हे पोस्टाने आलेल्या पुस्तकांतून कळत नाही. तेवढ्या शिदोरीवर नावाआधी डॉक्टर लावून पाटी टांगणं म्हणजे पोरीला कायद्याच्या कचाट्यात ढकलणं.

डिग्रीचीही एक अडचण आहे आणि ती फी भरण्याआधी समजून घ्या. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि होमिओपॅथीसाठी 2020 साली केंद्राने नवे आयोग कायद्याने नेमले. निसर्गोपचार त्यात नाही. त्यामुळे नोंदणीचा प्रश्न राज्यागणिक बदलतो. कॉलेज कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, तिथल्या पदवीधरांची नोंदणी कुठे होते आणि महाराष्ट्रात परतल्यावर ती कशी चालेल, हे तिन्ही लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर एक रुपयाही भरू नका. पुण्याला केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे, तिथेही विचारा. जमलं तर उरुळी कांचनचा आश्रम मुलीला दाखवून आणा. गांधीजींनी 1946 मध्ये सुरू केलेला आहे. काम रोज कसं चालतं ते तिने डोळ्यांनी पाहावं.

आता पैशांचं. आज मुलगी 18 ची आहे, इंटर्नशिप संपेल तेव्हा साडेतेवीसची. तुम्ही तेव्हा साडेअठ्ठावन्नचे, म्हणजे रिटायर होऊन सहा महिने झालेले. मधल्या काळात मुलाचंही कॉलेज सुरू झालेलं असेल. पगार थांबणार नेमका त्याच सुमारास, म्हणून तुमच्या हाताशी मोठी रक्कम तेव्हा हवी, आज नाही. आज प्लॉट विकला तर 28 लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के आणि सेस धरून 3 लाख 64 हजार कर जाईल. इंडेक्सेशन घेऊन, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून, वीस टक्क्यांचा पर्याय तुम्हाला आहे, पण तुमच्या आकड्यांत तो महाग पडतो. पैसा शिक्षणाला लावला म्हणून करात सूट मिळत नाही.

त्यापेक्षा असं करा. मेस-होस्टेलचे महिना 8 हजार पगारातून द्या; 66 महिन्यांचे सव्वापाच लाख होतात. एफडीतले दीड लाख फीला लावा, उरलेले दीड लाख अडीनडीला राहू द्या. बाकी सव्वासात लाख उरतात; थोडं जास्त धरून साडेसात लाखांचं शैक्षणिक कर्ज मुलीच्या नावावर घ्या, सहकर्जदार तुम्ही. सरकारी हमी योजनेत एवढ्या रकमेपर्यंत तारण लागत नाही, पण कॉलेज बँकेच्या निकषात बसतं का ते शाखेत आधी विचारा.

शिकत असताना हप्ता नसतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. ते दर महिन्याला भरत चला. दर 10 टक्के धरला तर पहिल्या वर्षी जेमतेम 1,400 रुपये, शेवटी 6,250. भरलं तर पुढे दहा वर्षांचा हप्ता 9,900 च्या आसपास येईल. नाही भरलं, तर कर्ज 11 लाखांवर जाऊन हप्ता 14,600 होईल. नवख्या मुलीच्या पगारातून 9,900 निघतील, 14,600 मात्र तिला जड जातील. मी तिचा पहिला पगार 25 हजार धरलाय, आणि तो मुद्दामच हात आखडून धरलाय. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, तेव्हा तिच्यावर बेत आखू नका.

सेंटरबद्दल मी इतकी ठाम का, तेही सांगते. बरेच पेशंट सकाळी उपाशीपोटी येतात. पोटावर मातीची पट्टी, मग कटिस्नान, मग मसाज. एका टेबलावर तासाभरात एकच माणूस. सहा ते दहा असे चारच तास धंद्याचे. बायकांना बाई थेरपिस्ट आणि पुरुषांना पुरुष, म्हणजे दोन पगार. धंतोली-रामदासपेठेत जागा घेतली तर भाडं वेगळं. मे महिन्यात 45 अंशांत स्टीम बाथला कोण येणार? भाडं तर तेव्हाही द्यावंच लागतं. विम्यावरही भिस्त ठेवू नका. एप्रिल 2024 पासून विमा कंपन्यांना आयुष उपचार (आयुर्वेद, निसर्गोपचार वगैरे) इतर उपचारांच्या बरोबरीने द्यावे लागतात हे खरं, पण ते भरती होऊन घेतलेल्या उपचारांना. किमान पाच खाटांचं रुग्णालय लागतं, दोन खोल्यांच्या सेंटरला ते लागू नाही.

तिने दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या सेंटरमध्ये काम करावं. स्वतःचे पेशंट जमले की एक खोली भाड्याने, दोन टेबलं आणि एक टब, एवढ्यावर सुरुवात होते. तेव्हा पैसे कमी पडले तर या प्लॉटबद्दल आपण पुन्हा बोलू.

तोवर प्लॉटचं एक काम उरका. दलालाचे 32 लाख आरएल धरून आहेत की आरएलशिवाय, ते स्पष्ट विचारा. दोन्हींच्या भावात चांगलाच फरक पडतो. विक्रीपत्र, लेआउटचा नकाशा आणि टॅक्सच्या पावत्या एका फाइलमध्ये लावा, आरएलचा अर्ज कुठे अडलाय ते बघा आणि डिमांड, म्हणजे भरायच्या रकमेचं पत्र, निघाली की लगेच पैसे भरा.