न बनलेल्या सिनेमांच्या पटकथा: बोनस त्यात घालावा का?

नमस्कार ताई,

तुम्ही बरबँकहून विचारलंय: हॉलिवूडच्या स्टुडिओंनी १९३०-४०च्या दशकांत लिहून घेतलेल्या, पण कधीच पडद्यावर न आलेल्या चित्रपटांच्या नऊ पटकथा एका संग्राहकाच्या घरचे १८,००० डॉलरला एकगठ्ठा देताहेत. बोनस नुकताच आलाय, घेऊ का? मुलगी दोन वर्षांनी कॉलेजात जाणार आणि हाताशी दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढीच शिल्लक.

नऊच्या नऊ नको. जिच्यावर जीव जडलाय ती एकच घ्या, २,००० डॉलरच्या आत, आणि ते पैसे खर्ची पडले असं धरून चाला. बाकी रकमेतून आधी सहा महिन्यांच्या खर्चाची सोय करा.

खरी अडचण विकताना येते. समजा, लिलावात एका स्क्रिप्टवर १,००० डॉलरची बोली लागली. घेणाऱ्याकडून वर २५ टक्के प्रीमियम, म्हणजे त्याला पडली १,२५०ला. उद्या तो त्याच बोलीला विकायला गेला आणि कमिशन १५ टक्के असेल, तर हातात येतात ८५०. मुद्दल सुटायलाच बोली १,४७०च्या वर जायला हवी. तुम्ही थेट घेताय, पण त्या मंडळींनी भाव लिलावाच्या जाहीर आकड्यांवरून काढला असेल तर त्यात प्रीमियम बहुधा धरलेलाच असतो. तेवढा घासून कमी करून घ्या.

शिवाय न बनलेला सिनेमा कुणी पाहिलेलाच नसतो, त्यामुळे मागणी सगळी नावावर. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सची आरकेओ स्टुडिओसाठीची १९३९ची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ म्हटलं की जगभरचे लोक कान टवकारतील. पगारी लेखकाच्या तिसऱ्या खर्ड्याला गिऱ्हाईक मिळायला वर्षं जातात.

आणि कागद तुमचा झाला तरी गोष्ट तुमची होत नाही, हक्क वेगळे. २०२१ साली पॅरिसमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात दिग्दर्शक होडोरोव्स्कींच्या न बनलेल्या ‘ड्यून’ची चित्रवही एका गटाने साधारण २६.६ लाख युरोंना घेतली. पुढे त्यावर ॲनिमेशन मालिका करायचे बेत जाहीर केले, पण वहीसोबत हक्क आलेच नव्हते.

पैसे देण्याआधी पानं हातात घेऊन बघा. मिमिओग्राफची (स्टेन्सिलवरून प्रती काढणारं जुनं यंत्र) शाई कागदात मुरलेली, कडा किंचित फुटलेल्या दिसतात. झेरॉक्सची पावडर वर चिकटून राहते, तिरप्या उजेडात चमकते. साध्या कागदावर झेरॉक्स काढणारं यंत्र बाजारात आलं १९५९ साली, तेव्हा १९४०च्या दशकातली म्हणून दाखवलेली प्रत चमकली तर हात आखडता घ्या. मुखपृष्ठावर ‘स्टुडिओची मालमत्ता, परत करावी’ असा शिक्का बऱ्याचदा असतो. प्रत विकणाऱ्यांकडे कशी आली ते लेखी मागा.

वर्षभरानंतर नफ्याने विकलीत तर संग्राह्य वस्तू म्हणून केंद्राचा कर २८ टक्क्यांपर्यंत जातो, शेअरसारखा २०वर थांबत नाही. पावती जपा. आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यातून तर अजिबात घेऊ नका, ते पैसे काढले असंच धरलं जातं. घराच्या विम्यात पटकथेची वेगळी नोंद करा.

उरलेल्या आठांचं वाईट वाटेल, मी समजू शकतो. तुमच्यापासून जवळच, बेव्हर्ली हिल्सच्या मार्गारेट हेरिक ग्रंथालयात जुन्या पटकथांचा मोठा साठा आहे. घरी नेता येत नाहीत, पण तिथे बसून वाचायला पैसे पडत नाहीत. व्यवहाराआधी एक दिवस तिथे काढा, अस्सल पान कसं दिसतं ते डोळ्यांत बसेल.